निवळशंख

आमच्या कामात सगळं उलटं असतं.
नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं,
वर पाच थेंब सोडायचे,
अंगठ्याने तोंड दाबून हलवायचं
आणि वाट बघायची पिवळ्याची.
पिवळं झालं तर घर सुखी.
निवळशंख राहिलं
तर माझ्या पोटात गोळा.

विश्वामित्री उतरून नऊ दिवस झाले होते.
गल्लीत मगर आली तेव्हा
टीव्हीवाले तिच्याआधी पोचले होते.
जुलाबांसाठी मी एकटीच आले.
खांद्याला पिशवी, पिशवीत मीठ-साखरेची पाकिटं,
क्लोरीनच्या गोळ्या, खडू,
आणि एक प्रश्न, जो परक्या दारात विचारायला
आईने मला कधीच शिकवलं नव्हतं:
काल रात्रीपासून किती वेळा?

लोक आधी हसतात.
मग बोटं मोजतात.
बायका दाराआड नेऊन खरा आकडा सांगतात.

बाबाजीपुऱ्यात, घर क्रमांक सदतीस,
मंजुलाबेननी दार उघडलं
आणि मी तोंड उघडायच्या आत
समोर पाण्याचा पेला.
या शहरात उंबरा ओलांडला की आधी पाणी,
मग तू कोण, कुठली, कशाला आलीस.
आत खाटेवर नात, हेली, सहा वर्षांची.
डोळे खोल.
पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली
तर जागेवर जायला वेळ लावत होती.

पेला माझ्या हातात.
नाही म्हटलं तर ते पाण्याला लागत नाही,
माणसाला लागतं.
मी नळी काढली
आणि त्यांच्यासमोर, त्यांच्याच पाहुणचारातून
खुणेपर्यंत ओतून घेतलं.
एक. दोन. तीन, चार, पाच.
आम्ही दोघी बघत राहिलो.
काहीच झालं नाही.
"जुओ, केवुं चोख्खुं!"
मंजुलाबेन म्हणाल्या, अभिमानाने.

त्या दिवशी दारावर खडूने लिहिलं:
माणसं सात, जुलाब तीन.
पलीकडे, माणसं चार, जुलाब दोन.
अडतीसमधल्या रावळदादांना
मी रविवारी आकड्यात धरलं होतं.
सोमवारी त्यांना कुठल्या रकान्यात घालायचं
ते वरून कळवणार होते.
अजून कळवलेलं नाही.

हसमुखभाई पाणीखात्याचा.
रात्री दोनला, शेवटची रिक्षा गेल्यावर,
लोखंडी सळईचं एक टोक तो रस्त्याला टेकवतो,
दुसरं कानाला,
आणि डोळे मिटून गल्लीचं पोट ऐकतो.
मी टॉर्च धरून उभी.
"इथे," तो म्हणाला. मग, "नाही. इथे."
सकाळी खणलं
तर गटाराच्या कुशीत पिण्याची लाईन झोपलेली,
सांध्याला सुतळी, कुजून काळी,
कुणीतरी कधीतरी तात्पुरती म्हणून बांधलेली.
"नळाची वेळ संपली ना बेन,
की पाइप श्वास आत घेतो," हसमुख म्हणाला,
"आणि शेजारी जे असेल ते घेतो."
मग त्याने हात धुतले. दोनदा.

आता सदतीसमधलं पाणी पिवळं होतं.
फार नाही,
वरणावर सुटलेल्या तुपाइतकं.
खडू पुसला गेलाय, हेली दाराला पाय लावून
मोठ्या भावाची सायकल ढकलते.
मंजुलाबेन मात्र माझ्यावर रागावल्या आहेत.
पाण्याला दवाखान्याचा वास येतो म्हणे,
चहा नासल्यासारखा लागतो,
ठाकोरजींना हे पाणी कसं ठेवायचं?
कुठे करायची तक्रार?

मी वही काढते.
तक्रारीचा रकाना असतो आमच्याकडे,
तो मी सावकाश, सुवाच्य अक्षरात भरते,
एकही शब्द न गाळता.
मग त्यांनी आणलेला पेला
उंबऱ्यातच, उभ्या उभ्या,
घटाघटा पिते.